उसना ठोका : टावीच्या वेळी हृदयाला तात्पुरती गती कशी देतात

(वाशीम इथं सर्वसामान्य श्रोत्यांसाठी झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय कागदावर फार अवघड दिसतो, पण त्याच्या मुळाशी असलेली अडचण तुम्हा-आम्हाला रोजच्या कामातून माहीत आहे. विहिरीवरची मोटर चालू आहे, पाइपातून पाणी जोरात चाललंय, आणि त्याच पाइपातला बिघडलेला व्हॉल्व्ह बदलायचा आहे. आपण काय करतो? आधी मोटर बंद करतो. पाण्याचा रेटा असताना कुणी व्हॉल्व्हला हात लावत नाही.

आता ही मोटर म्हणजे हृदय आहे असं समजा. ते बंद करता येत नाही. बंद केलं तर काही मिनिटांत माणूस हातचा जातो. आणि चालू ठेवलं तर नवीन व्हॉल्व्ह बसवताना रक्ताच्या रेट्यानं तो जागेवरून सरकतो. मग करायचं काय? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आजचा विषय, तात्पुरतं पेसिंग. दवाखान्यात याला ‘टेम्पररी पेसमेकर’ म्हणतात, फाइलवर किंवा बिलावर बऱ्याचदा ‘टीपीआय’ एवढंच लिहिलेलं असतं. नातेवाईक त्यावर सही करतात, पण ते कशासाठी होतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

झडप बिघडते म्हणजे काय होतं

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं आणि तिथून सगळ्या अंगाला. या दारावर तीन पाकळ्यांची झडप असते. निरोगी माणसात ती उघडली की साधारण तीन ते चार चौरस सेंटिमीटर जागा मिळते. वयानुसार काहींच्या झडपेत चुना साचतो, पाकळ्या कडक होतात आणि दार पुरतं उघडत नाही. ही जागा एक चौरस सेंटिमीटरच्याही खाली गेली की आजार गंभीर समजायचा. चालताना दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं ही त्याची तीन मोठी लक्षणं. आपल्याकडे यातलं पहिलं लक्षण ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं.

ते सोडून देणं किती महागात पडतं बघा. अमेरिकेतला ‘पार्टनर’ नावाचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना मोठं ऑपरेशन झेपणारच नव्हतं असे ३५८ रुग्ण होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी निम्मे, म्हणजे ५०.७ टक्के, एका वर्षात गेले. ज्यांची झडप पायातल्या रक्तवाहिनीतून बदलली, त्यांच्यात हे प्रमाण ३०.७ टक्के होतं.

पायातून झडप बदलण्याच्या या पद्धतीला टावी म्हणतात. छाती उघडायची नाही. जांघेतल्या धमनीतून नळी वर हृदयापर्यंत न्यायची, आणि घडी घातलेली नवीन झडप जुन्या झडपेच्या आतच उघडायची. फ्रान्समधल्या रूआं शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी जगातली पहिली अशी झडप माणसात बसवली. आज भारतात बनलेली झडपसुद्धा वापरली जाते. गुजरातमधल्या वापीच्या मेरिल कंपनीची ‘मायव्हल’ ही झडप २०२४ मध्ये ‘लँडमार्क’ नावाच्या अभ्यासात ७६८ रुग्णांवर तपासली गेली, आणि परदेशी झडपांच्या तोडीस तोड ठरली. ही झडप बलून फुगवून उघडतात. हे लक्षात ठेवा, कारण बलून आला की तात्पुरतं पेसिंग आलंच.

थांबवायचं नाही, पळवायचं

हृदयाचा ठोका म्हणजे दोन कामं. आधी भरायचं, मग पिळायचं. भरायला वेळ मिळाला तरच पिळल्यावर काही बाहेर पडणार. गावातली हापशी आठवा. दांडा पुरता वर-खाली केला की बदाबदा पाणी येतं. तोच दांडा थोडाथोडा, भराभर हलवला तर हात दुखतो, खडखडाट होतो, पाणी मात्र येत नाही.

डॉक्टर हृदयाचं नेमकं हेच करतात. एका बारीक तारेतून विजेचे छोटे झटके देऊन ठोके मिनिटाला १८० ते २२० पर्यंत नेतात. एवढ्या वेगात हृदय भरतच नाही. ते थरथरल्यासारखं चालू राहतं, पण रक्त जवळपास फेकत नाही. वरचा रक्तदाब १२० च्या आसपास असेल तर तो काही सेकंदांत ६०, कधी ५० च्या खाली येतो. पडद्यावरच्या रक्तदाबाच्या लाटा सपाट होतात. रेटा थांबला.

मग सगळं अगदी ठरल्यासारखं होतं. एक डॉक्टर म्हणतो, ‘पेसिंग ऑन’. दाब खाली आल्याची खात्री होते. बलून फुगतो, झडप उघडून जुन्या झडपेच्या भिंतीला घट्ट बसते. बलून रिकामा करतात. ‘पेसिंग ऑफ’. दाब परत वर येतो. हा सगळा मामला दहा-वीस सेकंदांचा. म्हणून आधी रंगीत तालीम करतात : मशीनचा प्रत्येक झटका हृदय घेतंय का, दाब हवा तेवढा उतरतोय का, हे झडप बसवण्याआधी एकदा बघून घेतात. ऐन वेळी दोन-चार झटके वाया गेले आणि हृदयानं मध्येच एक जोरदार ठोका मारला, तर अर्धवट उघडलेली झडप वर महाधमनीत किंवा खाली कप्प्यात सरकू शकते.

हे फुकटात होत नाही. त्या दहा-वीस सेकंदांत मेंदूला आणि खुद्द हृदयालाही रक्त कमी मिळतं. धडधाकट हृदय ते सोसतं. पण वर्षानुवर्षं अरुंद दारातून रक्त ढकलून थकलेल्या हृदयाला पुन्हा सावरायला वेळ लागतो. म्हणून हे वेगवान पेसिंग शक्य तितकं कमी वेळा आणि कमी काळ करायचं, हा नियम.

झडपांचा दुसरा एक प्रकार आहे. त्यातली जाळी अशा धातूची असते की नळीतून मोकळी झाली की आपोआप उमलते. ती हळूहळू सोडता येते, त्यामुळे एवढं पळवावं लागत नाही. मिनिटाला १०० ते १२० ठोके ठेवले तरी हृदयाची हालचाल स्थिर होते, कधी तेही लागत नाही. मग अशा रुग्णाला तात्पुरता पेसमेकर कशाला, असं वाटेल. तो तरीही हाताशी तयार ठेवतात, कारण त्याचं दुसरं काम अजून बाकी आहे.

दुसरं काम राखणीचं

हृदयाला स्वतःची वायरिंग असते. वरच्या कप्प्यात ठोक्याचा हुकूम निघतो आणि एका मुख्य वायरीतून खालच्या कप्प्यांना पोचतो. निसर्गानं ही वायर नेमकी महाधमनीच्या झडपेच्या खालून नेली आहे. अगदी लगत, काही मिलिमीटरवर. नवीन झडप घट्ट बसली पाहिजे, आणि घट्ट बसली की तिचा दाब या वायरीवर पडू शकतो. दाब पडला की वरचा हुकूम खाली पोचत नाही. यालाच हार्ट ब्लॉक म्हणतात. हा रक्तवाहिनीतला ब्लॉकेज नव्हे, दोन्हींत गल्लत करू नका. हा वायरीतला ब्लॉक आहे.

कधी तो मिनिटाभरात सुटतो. कधी सूज उतरल्यावर दोन दिवसांनी सुटतो. कधी सुटतच नाही, मग कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. झडपेच्या प्रकारानुसार आणि रुग्णानुसार हे प्रमाण बदलतं. ढोबळमानानं शंभरात पाच-सात जणांपासून वीसेक जणांपर्यंत. ज्यांच्या ईसीजीमध्ये आधीपासून ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ लिहिलेलं असतं, त्यांना हा धोका सगळ्यात जास्त. त्यांच्या वायरीची एक फांदी आधीच बंद असते. झडपेचा दाब पडतो तो उरलेल्या फांदीवर.

इथं तात्पुरता पेसमेकर इन्व्हर्टरसारखा काम करतो. लाईट असेपर्यंत इन्व्हर्टर गप्प बसून लक्ष ठेवतो, लाईट गेली की घरातला दिवा पेटता ठेवतो. मशीन समजा मिनिटाला ५० वर लावून ठेवलं, तर हृदय स्वतः ६० नं चालत असताना ते काहीच करत नाही. हृदय अडखळलं की ठोका देतं.

म्हणजे एकाच मशीनची दोन कामं झाली. एक काही सेकंदांचं, रेटा थांबवण्याचं. दुसरं काही तासांचं किंवा दिवसांचं, राखणीचं. कुठली पद्धत चांगली हे ठरवताना ही दोन कामं वेगवेगळी धरायला हवीत, आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हाच आहे.

ठोका द्यायचा कुठून

बाहेरून वीज देऊन हृदय चालवण्याची कल्पना जुनी आहे. बोस्टनमध्ये पॉल झोल यांनी १९५२ साली छातीवरच्या कातडीतून झटके देऊन हृदय चालवलं. ते जीव वाचवणारं होतं, पण प्रत्येक झटक्याला छातीचे स्नायू आखडायचे, फार दुखायचं. आजही छातीला चिकटवायचे पॅड टावीच्या वेळी तयार ठेवतात, पण हातघाईच्या प्रसंगापुरतेच. १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये सेमूर फर्मन यांनी शिरेतून तार आत नेऊन उजव्या खालच्या कप्प्याला टेकवली. त्यांच्या एका रुग्णाचं हृदय अशा तारेवर ९६ दिवस चाललं. मशीन एवढं मोठं होतं की ते गाड्यावर ठेवून ढकलावं लागायचं.

टावीची नेहमीची पद्धत हीच, फर्मन यांची. जांघेतल्या किंवा मानेतल्या शिरेतून तार उजव्या कप्प्यात. ही तार दोन्ही कामं करते. आधी हृदय पळवते, नंतर राखण करते, आणि झडपेच्या नळ्या काढल्या तरी आत राहू शकते. तिचे तोटेही आहेत. शिरेत आणखी एक भोक पाडावं लागतं, तिथं रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. तार सरकू शकते. उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते आणि क्वचित तारेचं टोक ती पार करून जातं. मग हृदयाभोवती रक्त साठून जिवावर बेततं. म्हणून टोकाला छोटा फुगा असलेली मऊ तार वापरतात.

दुसरी पद्धत अलीकडची, आणि ती युक्तीची आहे. झडप आत नेण्यासाठी एक जाड, ताठ तार डाव्या कप्प्यात आधीच गेलेली असते. तिच्यावरूनच झडप सरकत जाते, रुळावरून गाडी जावी तशी. मग ठोक्यासाठी आणखी एक तार कशाला घालायची? हिच्यातूनच वीज सोडू. ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावतो तसले, पण लहान चिमटे घ्यायचे. ऋण टोकाचा चिमटा तारेच्या बाहेरच्या टोकाला, धन टोकाचा जांघेच्या कातडीत खोचलेल्या सुईला. मधल्या तारेवर प्लॅस्टिकची नळी किंवा बलून असतो, वायरीवर आवरण असावं तसा. त्यामुळे वीज वाटेत गळत नाही, हृदयात उघड्या राहिलेल्या टोकापर्यंत पोचते. वेगळं भोक नाही, उजव्या कप्प्यात तार नाही, तिथली भिंत फाटण्याची भीती नाही.

फ्रान्समध्ये ‘ईझी टावी’ नावाचा अभ्यास झाला, २०१९ साली प्रसिद्ध झाला. ३०७ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. हृदय पळवण्याचं काम दोन्ही पद्धतींनी सारखंच केलं. नव्या पद्धतीत सरासरी वेळ सुमारे ४८ मिनिटं लागला, जुन्यात ५६. खर्चही थोडा कमी आला. आता तर याच कामासाठी मुद्दाम बनवलेल्या तारा निघाल्या आहेत.

मग जुनी पद्धत मोडीत काढायची का? नाही. कारण झडप बसली की ही डाव्या कप्प्यातली तार बाहेर काढावी लागते. तार निघाली की ठोका देण्याची सोयही निघाली. म्हणजे पहिलं काम नवी पद्धत उत्तम करते, पण दुसरं, राखणीचं, तिच्या हातात राहत नाही. ज्याचा ईसीजी आधी चांगला होता आणि नंतरही बदलला नाही, त्याला राखणीची गरज कमी. ज्याला राइट बंडल ब्लॉक आहे किंवा टेबलावरच हृदय अडखळलं आहे, त्याला शिरेतली तार किमान रात्रभर हवी. जास्त दिवस लागणार असतील तर मानेच्या शिरेतून टोकाला स्क्रू असलेली तार बसवतात आणि मशीन छातीवर बाहेरून चिकटवतात. जांघेतून तार असली की पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. मानेतून असली की माणूस उठून चालू शकतो. पूर्ण ब्लॉक एक-दोन दिवसांत सुटला नाही, तर कायमच्या पेसमेकरचा निर्णय घेतात.

वाशीमला परत येताना

आता आपल्या जिल्ह्याचा मुद्दा. टावी मोठ्या शहरातल्या केंद्रात होते. मानोऱ्याचा किंवा रिसोडचा माणूस त्यासाठी नागपूरला जाईल, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला, पुण्या-मुंबईला. समृद्धी महामार्गानं जाणं-येणं सोपं झालं आहे हे खरं. पण नागपूर तरी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहेच. आणि वायरीतला ब्लॉक दरवेळी टेबलावरच होतो असं नाही. काहींना तो दोन दिवसांनी होतो, काहींना घरी आल्यावर, बहुतेक पहिल्या आठवड्यात, क्वचित महिनाभरानंही. शहरात राहणारा रुग्ण वीस मिनिटांत त्याच दवाखान्यात पोचतो. आपला रुग्ण पोचत नाही. म्हणून राखण कधी संपवायची, हा प्रश्न आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा.

घरी निघण्याआधी चार गोष्टी विचारा. एक, टावीच्या आधीचा आणि नंतरचा ईसीजी सारखाच आहे का, की बदलला? दोन, बदलला असेल तर तो स्थिर झाला आहे का, की अजून बदलतोय? तीन, घरी गेल्यावर काही दिवस ठोक्यांची नोंद ठेवणारं यंत्र लावायची गरज आहे का? चार, ठोके कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, आणि त्या तशाच घ्यायच्या का? गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, फक्त विचारायचं. आणि ‘आमचं गाव एवढं लांब आहे’ हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. एक दिवस जास्त ठेवायचं की नाही, हे ठरवताना ते त्यांना माहीत असायला हवं.

निघतानाच्या ईसीजीचा मोबाईलवर फोटो काढून घ्या. उद्या चक्कर आली आणि तुम्ही जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात गेलात, तर तिथले डॉक्टर नवा ईसीजी काढतील. शेजारी जुना असला की काय बदललं ते लगेच दिसतं. नसला तर अंदाज बांधत बसावं लागतं.

घरी आल्यावर डोळ्यापुढे अंधारी येणं, भोवळ, अचानक गळून जाणं, क्षणभर शुद्ध हरपणं, किंवा नाडी मिनिटाला ४० च्या खाली जाणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. ‘जेवला नाही म्हणून चक्कर आली’ असं म्हणून लिंबूपाणी देत बसू नका. आणि डॉक्टर सांगेपर्यंत मोटरसायकल चालवू देऊ नका.

एवढं बोलून थांबतो. 

श्रोत्यांचे प्रश्न

हृदय पळवतात तेव्हा पेशंटला कळतं का?

टावी बऱ्याच वेळा पूर्ण भूल न देता, गुंगीच्या औषधावर करतात. अशा वेळी काहींना छातीत धडधड होऊन भोवळ आल्यासारखं वाटतं. ते काही सेकंदांचं असतं. आधी सांगून ठेवलं की माणूस घाबरत नाही.

टेम्पररी लावला म्हणजे पुढं पर्मनंट लावावाच लागतो का?

नाही. टेम्पररी जवळपास प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या पद्धतीनं लागतो. त्यातल्या बहुतेकांचा तो काढून टाकतात. कायमचा थोड्यांनाच लागतो. आणि लागला तर झडप चुकली असंही समजू नका. वायर झडपेच्या एवढी लगत आहे की काळजीपूर्वक केलं तरी हे घडू शकतं.

मग आम्ही डॉक्टरांकडे कुठली पद्धत मागायची?

पद्धत मागू नका, प्रश्न विचारा. ‘झडप बसल्यानंतर माझ्या वडिलांच्या ठोक्यावर कोण लक्ष ठेवणार, किती तास, आणि हृदय अडखळलं तर ठोका कुठून देणार?’ याचं उत्तर रुग्णाच्या ईसीजीवर ठरतं. ते उत्तर तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळालं, तर तार डावीकडून गेली की उजवीकडून, याची चिंता तुम्ही करायचं कारण नाही.